रस्ता गावाबाहेरून गेला, म्हणून दुकानही न्यायचं का?

पत्राचा सारांश: बेळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी या ताईंचं भांड्यांचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं, जुन्या पेठेत, बस स्टँडवरून चालत पाच मिनिटांवर. यजमान गेल्यापासून त्या आणि धाकटे दीर मिळून दुकान बघतात. गावातून जाणारा हमरस्ता आता बायपासने बाहेरून गेला आहे. शिवाय पेठेतला रस्ता रुंद करायचा म्हणून भिंतींवर लाल खुणा झाल्या आहेत आणि दुकानाचे पुढचे सात-आठ फूट जातील अशी चर्चा आहे. पुतण्याचं म्हणणं, पेठेतला गाळा विकायचा आणि बायपासच्या जंक्शनवर नव्या कॉम्प्लेक्समध्ये दोन गाळे घ्यायचे. "गाड्या तिकडून जातात, गिऱ्हाईकही तिकडंच गेलं," असं तो म्हणतो. बिल्डर इसार मागतो आहे. दीर पेठ सोडायला अजिबात तयार नाहीत. सही ताईंचीही लागणार. त्या लिहितात: "कुणाचंही ऐकलं तरी दुसरा दुखावणार. पण त्याहून मोठी भीती वेगळीच आहे. पेठेतला बाजारच बसला तर आम्ही काय करायचं?"

ताई, नमस्कार.

तुमच्या पुतण्याच्या त्या एका वाक्यावर सगळा निर्णय उभा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. गाड्या तिकडून जातात, हे खरंच आहे. पण त्या गाड्यांतल्या किती माणसांनी आजवर तुमच्याकडून भांडं घेतलं होतं? गोव्याला निघालेला पुण्याचा माणूस गावात चहाला थांबत असेल, एखादा कुंद्याचा डबा घेत असेल, टायरमध्ये हवा भरत असेल. मुलीच्या लग्नाची भांडी तो तुमच्या गावात उतरून घेत नव्हता. तो बायपासने गेला तर चहावाल्याचं, खानावळीचं, पंक्चरवाल्याचं गिऱ्हाईक गेलं. तुमचं गिऱ्हाईक मुळात त्या गाड्यांत नव्हतंच.

तुमच्या दुकानात खरेदी कशी होते ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. तरी लिहिते, कारण रोज बघणाऱ्या माणसाच्या नजरेतून नेमकी हीच गोष्ट निसटते. खेड्यावरून चार बायका आणि एखादे काका येतात. पातेल्याच्या काठावरून बोट फिरवून जाडी बघतात, बुडावर टिचकी मारून आवाज ऐकतात. घरून पिशवीत आणलेली जुनी पितळ मोडीत घालतात, वजनकाट्याकडे सगळे मिळून बघतात, भावावरून घासाघीस होते. मग नाव घालायचं. यंत्राची ती घर्र चालू असते तोवर कुणीतरी समोरच्या कापड दुकानात ब्लाउजपीस बघून येतं, कुणी सराफाकडे जोडव्यांचा भाव विचारून येतं. तासभर तरी ही मंडळी पेठेत असतात. म्हणजे त्यांचं येणं एकट्या तुमच्या दुकानासाठी नसतं. शेजारी सराफ आहे, कापडवाला आहे, शिंपी आहे, औषधाचं दुकान आहे आणि परत जायला बस आहे, म्हणून ती येतात. जंक्शनवरच्या कॉम्प्लेक्समध्ये यातलं काय असेल?

तुमच्याच धंद्यातली आणखी दोन दुकानं पेठेत आहेत, असं तुम्ही थोड्या तक्रारीच्या सुरात लिहिलंय. मला ती अडचण वाटत नाही. लग्नाची भांडी, दागिने, साड्या हा माल माणूस चार ठिकाणी बघूनच घेतो, आणि जिथं चार ठिकाणी बघता येतं तिथंच तो जातो. बेळगावात शहापूरचे सराफ एकमेकांना चिकटून बसलेत, त्याचं कारण हेच. शहापूर संस्थानी काळात सांगलीकर पटवर्धनांकडे होतं, बेळगाव शहर इंग्रजांकडे. हद्द गेली, राज्यं बदलली, रस्ते कितीदा उकरले गेले, तरी सोनं घ्यायला लोक त्याच गल्लीत जातात. एकटं पडलेलं भांड्यांचं दुकान, भले ते चौपदरी रस्त्यावर का असेना, बघायला येणाऱ्याला अपुरंच वाटतं.

आपल्या भागाने बायपास आजच बघितलेला नाही. जुना पुणे-बंगळूर रस्ता बेळगाव, संकेश्वर, निपाणी यांच्या अंगातून जायचा, तिन्ही ठिकाणी "जुना पी. बी. रोड" हे नाव अजून लोकांच्या तोंडी आहे. पुढे सुवर्ण चतुष्कोनात तो महामार्ग चौपदरी झाला, गावांच्या कडेने निघाला, त्याचा 4 नंबर जाऊन 48 झाला. रस्त्यामागे कोण गेलं? धाबे, लॉज, पेट्रोल पंप, ट्रकची गॅरेजं, टायरवाले, पुढे गाड्यांच्या शोरूम. बेळगावची गणपत गल्ली, मारुती गल्ली, खडे बाजार, रविवार पेठ मात्र जागच्या जागी राहिली आणि दसरा-दिवाळीला तिथं आजही पाय ठेवायला जागा नसते. चंदगड, गडहिंग्लजची माणसं राज्याची हद्द ओलांडून तिथंच खरेदीला येतात. निपाणीची ओळखच तंबाखूची. तिथल्या व्यापाराला ट्रक लागतो, गोदाम लागतं, त्यामुळे मोठ्या रस्त्याची त्याला खरी गरज. म्हणून "बायपास झाला की बाजार बसतो" किंवा "बायपास झाला की भरभराट होते" अशी सरसकट विधानं मला पटत नाहीत. वाटेवरच्या प्रवाशावर चालणारा धंदा आणि ट्रक-टेंपोवर चालणारा धंदा रस्त्यामागे जातो. माणूस मुद्दाम ठरवून ज्या खरेदीला निघतो, ती खरेदी जिथं त्याच्या येण्याजाण्याची सोय आहे तिथंच राहते.

ही सोय म्हणजे काय, हे तालुक्याच्या गावात बस स्टँड ठरवतो. जून 2023 पासून कर्नाटकात शक्ती योजनेत महिलांना सरकारी साध्या बसमधून मोफत प्रवास आहे. तुमच्या गिऱ्हाइकांत बायका जास्त आहेत, असं तुम्हीच लिहिलंय. खेड्यावरून निघालेली बाई शून्य रुपयांत स्टँडवर उतरते आणि पाच मिनिटांत तुमच्या दारात येते. तिनं जंक्शनवर यावं असं म्हणायचं तर स्टँडवरून रिक्षाचे पैसे मोजून, हातात पातेली घेऊन, तेवढेच पैसे मोजत परत यायचं. ती कशाला येईल? त्यामुळे बायपासवरून किती वाहनं जातात, हे मोजण्यापेक्षा डेपोत जाऊन दोन गोष्टी विचारा. बस स्टँड हलवायचं काही घाटतंय का, आणि खेड्यांच्या किती गाड्या गावात न शिरता बायपासवरूनच वळणार आहेत. स्टँडच हलणार असेल तर माझा सगळा सल्ला बदलेल, कारण मग पेठही हळूहळू तिकडं सरकेल.

आता मोजणीचं. दीर आणि पुतण्या दोघांच्याही बोलण्यात ठामपणा आहे, पण हातात काहीच नाही. गल्ल्यापाशी एक वही ठेवा. प्रत्येक गिऱ्हाइकासमोर चार गोष्टी टिपा: कुठल्या गावचं, कशानं आलं (बस, मोटरसायकल, चारचाकी, चालत), काय घेतलं, आणि त्या फेरीत पेठेत आणखी कुठं गेलं. नाव-नंबर नको, उगाच माणूस बिचकतं. एक बाजाराचा दिवस, एक साधा दिवस, एक लग्नसराईतला दिवस असं सगळं त्यात यायला हवं. म्हणजे महिना-दीड महिना तरी वही चालू ठेवा. ती पुतण्यालाच लिहायला सांगा. स्वतःच्या हातानं लिहिलेला आकडा माणूस सहजासहजी नाकारत नाही.

वही हवीच असं मी म्हणते, कारण दुकानदाराचा अंदाज या बाबतीत जगभर चुकतो. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात 2006 साली दुकानदारांना विचारलं होतं की तुमची किती गिऱ्हाइकं गाडीनं येतात. त्यांचा अंदाज 41 टक्के होता. गिऱ्हाइकांनाच विचारलं तेव्हा आकडा निघाला 22 टक्के. दारात गाडी लावणारा माणूस लक्षात राहतो, पिशवी घेऊन चालत आलेला राहत नाही. ब्रिस्टल म्हणजे बेळगाव नव्हे. आपल्याकडचं प्रमाण वेगळं निघेल. पण अंदाज कुठल्या बाजूला झुकतो ते यावरून कळतं. पुण्यात लक्ष्मी रोडवर 2021 पासून 11 डिसेंबरला पादचारी दिन करतात, त्या दिवशी रस्त्याच्या ठरावीक भागात गाड्या बंद असतात. बाजारपेठेत पायी चालणाऱ्याचाही विचार करावा लागतो, हे निदान एका महापालिकेनं मान्य केलंय.

जंक्शनचा गाळा बघायला तुम्ही स्वतः जा, आणि कागदावरचा नकाशा न बघता रस्त्यावर उभ्या राहा. मध्ये दुभाजक आहे का? असेल तर पलीकडच्या दिशेनं जाणारी निम्मी वाहनं तुमच्याकडे वळूच शकत नाहीत. पुढं जाऊन अंडरपासमधून फिरून यायला कुणी भांड्यांसाठी तयार होत नाही. सर्व्हिस रोड आहे का, तो कुठं संपतो? कॉम्प्लेक्सला महामार्गावरून थेट वाट असेल तर तिला महामार्ग खात्याची परवानगी आहे का? ही परवानगी नसली तर उद्या कठडा उभा राहतो आणि दुकान दिसतं पण गाठता येत नाही. उड्डाणपूल होणार असेल तर त्याच्या चढाला लागून असलेले गाळे सगळ्यात वाईट. वर वेगानं गाड्या, खाली सावली आणि धूळ. संध्याकाळी सात वाजता पुन्हा एकदा जा. तिथं दिवे आहेत का, बायामाणसं उभी राहू शकतील का, ते बघा. सकाळी अकरा वाजता बिल्डर दाखवतो ती जागा आणि सातची जागा एकच नसते.

पुतण्या पूर्ण चुकतोय असं मात्र मी म्हणणार नाही. तुमच्या धंद्याचा एक भाग खरोखर मोठ्या रस्त्याचा आहे. मंगल कार्यालयं, केटरर, हॉटेलवाले, गावजत्रेच्या महाप्रसादाची मंडळं यांना मोठे टोप, पराती, शेगड्या, डझनांनी ताटं लागतात. ही माणसं टेंपो घेऊन येतात, पेठेत तो शिरत नाही, शिरला तर मागं घ्यायला अर्धा तास. या गिऱ्हाइकाला शेजारचा सराफ नको असतो. माल, भाव आणि टेंपो लावायला जागा हवी असते. म्हणून मला तिसरा मार्ग जास्त पटतो. पेठेतला गाळा ठेवायचा. बायपासकडं, किंवा गाव आणि बायपास यांना जोडणाऱ्या रस्त्यावर, एक साधी शेड किंवा गाळा भाड्यानं घ्यायचा, अकरा महिन्यांच्या करारावर, आणि तिथं फक्त घाऊक आणि केटरिंगचा माल ठेवायचा. तो पूर्णपणे पुतण्याच्या ताब्यात द्यायचा, हिशेबासकट. चालला तर पुढं विकत घ्यायचा विचार करता येईल. नाही चालला तर भाडं आणि थोडी खटपट एवढंच गेलं, सासऱ्यांची जागा तरी हातात राहिली. पेठेतला गाळा एकदा विकला की तो परत मिळत नाही.

तुमच्या पत्रात ओझरतं आलेलं आणखी काही मला दिसलं. पुतण्या सव्वीस-सत्तावीसचा, लग्नाचं बघताय, आणि दुकानात अजून "काकींना विचार" असंच चाललंय. त्याला जंक्शन जेवढं हवंय तेवढंच स्वतःचं असं काहीतरी हवंय. दिरांनाही पेठेचा मोह आहे त्यापेक्षा जास्त भीती आहे, की या वयात नव्या जागी आपली ओळख कोण ठेवणार. दोघांशी रस्त्याबद्दल बोलायच्या आधी या गोष्टींवर बोला. तुम्ही दोघांच्या मध्ये आहात म्हणून तुमचं ते दोघंही ऐकतील.

रस्ता रुंदीकरणाकडे मात्र ताबडतोब लक्ष द्या. इथं गाफील राहिलेल्यांचं फार नुकसान होतं. भिंतीवरची लाल खूण म्हणजे नोटीस नव्हे. नगरपंचायतीत लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि विचारा की रस्त्याची रुंदी कुठल्या मंजूर आराखड्याप्रमाणे धरली आहे, मध्यरेषा कुठून घेतली आहे आणि तुमच्या मिळकतीतले नेमके किती फूट जातात. उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. त्यात 30 दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. मध्यरेषा सहा इंच इकडंतिकडं झाली तरी समोरासमोरच्या दोन दुकानांचं भवितव्य बदलतं, म्हणून मोजणीच्या वेळी स्वतः हजर राहा, फोटो काढा. शेजाऱ्यांनाही बरोबर घ्या. एकेकट्यानं गेलेल्याला एक उत्तर मिळतं आणि पंचवीस दुकानदारांच्या सह्यांच्या अर्जाला दुसरं.

संमतीपत्रावर घाईनं सही करू नका. जागा रीतसर संपादित होत असेल तर 2013 चा भूसंपादन कायदा लागतो. त्यात प्राथमिक अधिसूचनेनंतर हरकतीला 60 दिवस मिळतात, आणि ठरलेल्या भरपाईवर तेवढीच रक्कम दिलासा म्हणून आणखी मिळते. जागा बिनमोबदला सोडून द्या, त्याबदल्यात वाढीव बांधकामाचे हक्क घ्या, असंही सुचवलं जातं. कर्नाटकच्या 1961 च्या नगररचना कायद्यात तशी तरतूद आहे. बंगळूरसारख्या शहरात त्या हक्कांना गिऱ्हाईक असतं. तालुक्याच्या गावात ते विकत घेणार कोण? तुम्ही स्वतः वर मजला चढवणार असाल तरच त्याचा उपयोग, नाहीतर रोख भरपाईचाच आग्रह धरा.

हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांचा गाळा भाड्याचा आहे त्यांनी "आपलं काय, मालक बघेल" असं म्हणू नये. संपादनाआधी तीन वर्षं त्या भागात काम करून ज्यांचं पोट त्यावर चालत होतं, अशी कुटुंबंही 2013 च्या कायद्यात बाधित धरली जातात, आणि छोट्या व्यापाऱ्याला एकरकमी किमान 25 हजार रुपयांची तरतूद आहे. रक्कम फार नाही, पण भाडेपावती, व्यापार परवाना, वीजबिल यांची फाइल नसेल तर तीही मिळत नाही. पेठेत पाटी घेऊन बसणाऱ्या भाजीवाल्या, बांगडीवाल्या, फुलवाल्या यांच्यासाठी 2014 चा पथविक्रेता कायदा आहे. त्यांनी विक्री प्रमाणपत्र करून घ्यावं. तुमच्यासारख्या दुकानदारांनी त्यांची बाजू घ्यावी असं मला मनापासून वाटतं. भाजीला रोज येणारी बाईच सणाला भांडं घेते. रस्ता रुंद करताना त्यांना उठवलं तर पेठेतली रोजची वर्दळ कमी होते, आणि त्याची झळ तुम्हालाही लागते.

सात-आठ फूट गेले तरी दुकान चालतं, हेही सांगते. मांडणी बदलावी लागेल: मोठी भांडी पोटमाळ्यावर किंवा त्या शेडमध्ये, समोर वाणाच्या वाट्या, डबे, ताट-तांब्या. रुंद झालेल्या रस्त्याचा फायदा कुणाला होणार हे मात्र पदपथ आणि पार्किंगवर ठरेल. वाढलेली सगळी रुंदी उभ्या गाड्यांनी खाल्ली आणि पदपथ झालाच नाही, तर पेठेचं नुकसान होईल. अर्जात पदपथाची मागणी घाला, आणि मध्ये दुभाजक घालणार असतील तर चालत ओलांडायला वाटा मागा. गल्लीसारख्या बाजारात गिऱ्हाईक या काठावरून त्या काठावर सहज जातं. मध्ये कठडा आला की एकाच पेठेच्या दोन पेठा होतात.

कामाला सुरुवात झाली की काही महिने खड्डा आणि चिखल असणारच. त्या काळात माल कमी भरा, उधारी आवळा, लग्नाच्या याद्या फोनवर घेऊन भांडी घरपोच द्या. कंत्राटदाराला काम संक्रांत आणि लग्नसराईच्या दिवसांत अडकवू नका, असं सगळ्यांनी मिळून आधीच लेखी सांगा. दर्शनी भाग पाडल्यावर नवी पाटी लागेल, तेव्हा पाटीवर 60 टक्के कन्नड हवं हा नियम लक्षात ठेवून एकदाच नीट करून घ्या, म्हणजे पुन्हा खर्च नको.

बाजार खरंच हलतोय की नाही, हे ओळखायचं कसं, असं तुमच्या शेवटच्या प्रश्नातून दिसतं. चहाच्या टपऱ्या आणि मोबाइलवाले बायपासला गेले म्हणून घाबरू नका. सराफ, मोठा कापडवाला, बँकेची शाखा, दवाखाने आणि त्यांना लागून असलेली औषधाची दुकानं यांच्याकडे बघा. यातली दोन-तीन एकाच वर्षात निघाली आणि वहीतली खेड्याची गिऱ्हाइकं दोन संक्रांतींत लागोपाठ घटली, तर जागा बदलायचा विचार गांभीर्यानं करा. तोवर विकू नका.

बिल्डर इसारासाठी घाई करतोय, त्याला आधी कागद मागा. कॉम्प्लेक्स 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर असेल आणि त्यात आठापेक्षा जास्त गाळे असतील, तर त्याची कर्नाटक रेराकडे, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडे, नोंदणी हवी. जागा ग्रामपंचायत हद्दीत असेल तर ई-स्वत्तूचा (पंचायतीच्या ऑनलाइन मिळकत नोंदीचा) नमुना 9 आणि 11 ए, बिगरशेतीचा आदेश आणि महामार्ग खात्याची वाटेची परवानगी मागा, आणि सगळं आपल्या वकिलाला दाखवा, त्याच्या नव्हे. तुमच्या पेठेतल्या गाळ्याचेही उतारे काढून ठेवा. यजमानांनी मृत्युपत्र केलं नसेल तर त्यांच्या हिश्शात तुमच्याबरोबर तुमच्या मुलांचा, लग्न झालेल्या मुलीसकट, वाटा आहे. सासूबाई तेव्हा हयात असतील तर त्यांचाही. म्हणजे हा व्यवहार तुमच्या आणि दिरांच्या सहीनं पुराच होत नाही. पुतण्याला आणि बिल्डरला हे सांगा, मुलीला फोन करून सगळं तिच्या कानावर घाला, आणि वरचे कागद हातात येईपर्यंत इसाराचा एक रुपयाही देऊ नका.